कोरडा माल

६ जानेवारी २०२५

हे खरं तर भट्टीचं रजिस्टर आहे. फौंड्रीतून निवृत्त होताना साहेबांनी घड्याळ दिलं आणि मी हे अर्धं कोरं रजिस्टर मागून घेतलं. एकतीस वर्षं रोज लिहिलं : किती भंगार टाकलं, किती वाजता वितळलं, काय बिघडलं. आता हात थांबत नाही. घरात आम्ही दखनी बोलतो, पण रजिस्टर मराठीत लिहायची सवय, म्हणून मराठीत.

आजपासून कॉलेजच्या लॅबमध्ये दगड दाबायच्या प्रेसवर लागलो, रोजंदारीवर. मेहरीन तिथे पीएच.डी. करते. तिच्या सत्यशीला मॅडमना प्रेस चालवायला भरवशाचा माणूस हवा होता. भिंगारहून निघताना मेहरीनने बजावलं, "आत मी तुमची मुलगी नाही, अब्बा. आत ओरडायचं नाही आणि हात उचलायचा नाही." जसा काही मी लोकांना मारतच फिरतो!

मारलंय, नाही कशाला म्हणू? भट्टीवर अकरा जणांच्या कानाखाली वाजवली. सगळे ओला माल भट्टीत टाकायला निघाले होते. त्या अकरातला एकही मेला नाही. काकासाहेबला कुणी मारलं नाही, म्हणून तो मेला. दोन्ही तोंडं चेपलेला पाइपचा तुकडा होता, आत असेल वाटीभर पावसाचं पाणी. वितळलेल्या लोखंडात पाणी गेलं की क्षणात त्याची वाफ होते, आणि वाफ जागा मागते. छपराचे पत्रे उडाले. आम्ही दोघं एका डब्यात जेवायचो, आणि मी त्याला बुटांवरून ओळखलं. पाइप त्याच्या हातात मी पाहिला होता. त्याने तपासला असेल असं वाटलं, म्हणून गप्प राहिलो. त्यानंतर मात्र कधी गप्प राहिलो नाही.

८ जानेवारी

प्रेस कपाटाएवढा आणि त्यात घालायचा माल पेन्सिलच्या टोकाएवढा. प्लॅटिनमची इवलीशी नळी, तिला कॅप्सूल म्हणतात. तिच्यात दगडाची पावडर भरून दोन्ही तोंडं बंद करायची, मग मी पंप मारून दाब चढवायचा, विजेने तापवायचं आणि दीड दिवस तसंच ठेवायचं. मग कॅप्सूल कापून दुर्बिणीखाली बघतात. कणांच्या मध्ये काच दिसली तर दगड वितळला. डोंगर पोखरून उंदीर म्हणतात तो हा.

मेहरीनने समजावलं. पन्नास-शंभर किलोमीटर खालचा दगड कसा वागतो ते बघायचं आहे. त्या दगडात पाणी असतं म्हणे. मी म्हटलं, "मग बोअर घेऊ की, भिंगारला टँकर लागायचा नाही."

"ते ओलं पाणी नाही, अब्बा. स्फटिकात मुरलेलं असतं. दगडाची भुकटी केली तरी हाताला ओल लागणार नाही. जाळावर तापवलं तरच निघतं. ते दगडाचे सांधे ढिले करतं. कोरडा दगड साडेबाराशेच्या पुढे वितळतो, पाणी असलं तर हजार-अकराशेतच. आपल्या पायाखालचा हा सगळा काळा दगड एकेकाळी वितळूनच वर आला ना?"

मला हसू आलं. पाण्याने आग विझते, वितळायला कशी मदत होईल? कोरडा माल लवकर वितळतो, ओला माल वेळ खातो आणि जीवही खातो. हे मला पुस्तकाने नाही शिकवलं. तिच्याबरोबर काम करणारा आकिब, शेवगावचा, माझ्याकडे बघून हसला. मला ते आवडलं नाही. नाकावर चष्मा आणि कायम मेहरीनच्या टेबलापाशी.

मेहरीनच्या आठ कॅप्सूल गेल्या वर्षी जमल्या आहेत. पण तपासणाऱ्यांचं म्हणणं, नवी पावडर बनवा आणि तेच परत करून दाखवा. जमलं की पदवी. नाही जमलं तर चार वर्षं गेली.

१३ जानेवारी

जुनी पावडर संपवायची म्हणून शेवटची कॅप्सूल लावली होती. मी दाब चढवत होतो, मेहरीन आकडा वाचायला वाकली, आणि बंदूक सुटावी तसा आवाज झाला. प्रेसचा पोलादी गाभा तडकून एक कपची बाहेर आली, ती तिच्या भुवईत घुसली. रक्त माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. चार टाके. डोळा अर्ध्या इंचाने वाचला. अर्धा इंच!

तिला दवाखान्यातून घरी सोडलं आणि परत लॅबला गेलो. आकिब फरशी पुसत होता. मी त्याची कॉलर धरली. "कशानं फुटलं?"

"चाचा, गाभा जुना हुता, लई रन झाले हुते त्याच्यावर. मी मॅडमला म्हनलो हुतो बदला म्हनून."

"आणि?"

"आतल्या पाण्याची वाफ बी असंल थोडीफार. नक्की न्हाई सांगता यायचं."

गाभा जुना वगैरे ठीक आहे. खरं कारण शेवटी तोंडातून निघालंच. मी कॉलर सोडली आणि गोडीत विचारलं, दगडातलं हे पाणी जातं तरी किती डिग्रीला? तो म्हणाला, "साडेतीनशेला सुटाया लागतं. पाचशेच्या वर काय ऱ्हात न्हाई." बाटलीत जी नवी पावडर आहे, तिच्यातलंसुद्धा? "व्हय, मुद्दाम पाण्याचं खनिज घालूनच बनवलीय ती."

मुद्दाम! शिकलेली माणसं. पोरीच्या तोंडासमोर मुद्दाम पाणी घालून ठेवतात.

१४ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी. लॅबची किल्ली माझ्याकडे असते. नव्या पावडरची बाटली काढली, वजन केलं : पन्नास ग्रॅम. चिनी मातीच्या वाडग्यात ओतून छोट्या भट्टीत ठेवली आणि सातशेवर तीन तास भाजली. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी लाडल, म्हणजे ओतायचा मोठा डाव, लाल करून घ्यायचो, तसंच. थंड झाल्यावर गोळे झाले होते, ते खलात घोटून मऊ केले आणि बाटलीत भरून जागेवर ठेवली. वजन साडेसत्तेचाळीस. अडीच ग्रॅम पाणी निघालं. काकासाहेबला एवढंही लागलं नसतं.

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मेहरीन ओरडली असती. पोर शिकलेली आहे, पण भट्टी तिने लांबून पाहिली आहे. एकदा दुधाने तोंड भाजलं की ताकही फुंकून प्यावं, यात लाज कसली? आज शांत झोप लागेल.

२७ जानेवारी

नवा गाभा आला. नव्या पावडरच्या तीन कॅप्सूल झाल्या. एकही फुटली नाही. प्रेस मांजरासारखा गप्प. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मेहरीन मात्र खूश नाही. हजार पन्नासला तिन्ही कोऱ्या निघाल्या, काच नाही. मी म्हटलं, "जरा वाढव की तापमान." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वाढवून कुठलाही दगड वितळेल, अब्बा. हजार पन्नासलाच वितळायला हवा."

११ फेब्रुवारी

सातवी कॅप्सूल अकराशेला लावली. नाही वितळली. मेहरीनने तापमापक बदलला, दाबाचं घड्याळ तपासून आणलं, मॅडमशी वाद घातला. आज तिने टेबलावर इतक्या जोराने हात आपटला की काचेचं भांडं खाली पडून फुटलं. मला वाटलं, आहे, पोरीत माझंच रक्त आहे.

आठवी कॅप्सूल परवा तिची परवानगी न घेता मी तेराशेपर्यंत नेली होती, ती आज कापली. वितळलं! दुर्बिणीत सगळी काचच काच. मी हसत म्हटलं, "हे बघ, वितळतो की तुझा दगड. कोरडा माल आहे, धीर धरावा लागतो."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि रडायला लागली. आकिब उठला, तिच्यासाठी पाणी आणलं आणि ग्लास हातात देताना माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. काहीतरी आहे त्याच्या पोटात.

४ मार्च

तिसरा रोजा. विद्यापीठाचं पत्र आलं. गेल्या वर्षीच्या आठ कॅप्सूल पुन्हा जमत नाहीत, म्हणजे ते आकडे बनावट असू शकतात, म्हणून चौकशी समिती. बनावट! माझी बायको खातून म्हणाली, "आपल्या मेहरीनने शाळेत पाटीवरचं उत्तरसुद्धा कधी चोरून पाहिलं नाही." मेहरीनने पत्राची घडी केली, पुस्तकात ठेवली आणि इफ्तारला फक्त खजूर खाल्ला. समितीने बनावट ठरवलं तर तिला काढून टाकतील. मग कुठल्याच कॉलेजात कुणी उभं करणार नाही. आयुष्यभर लोक म्हणतील, ती ना, आकडे बनवणारी.

मी अंगणातली बादली लाथेने उडवली. अंगठा सुजलाय.

१८ मार्च

समिती आली. तीन माणसं, आणि माझी पोर आरोपीसारखी उभी. मी दाराबाहेर बसलो होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं. तिने एकेक आकडा सांगितला, आवाज एकदाही हलला नाही. शेवटी विचारलं, "पावडर बनवल्यापासून कुणी कुणी हाताळली?" मेहरीनने स्वतःचं आणि आकिबचं नाव घेतलं. मग आकिबला विचारलं, पावडरला काही झालं असेल असं वाटतं का?



तो म्हणाला, "मला सांगता यायचं न्हाई, सर."

यायचं नाही म्हणजे? नाही झालं म्हण, नाही तर झालं म्हण. बाहेर आला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं. पाणी किती डिग्रीला जातं ते याला तोंडपाठ, पावडर बनवली याने, बाटलीचं कपाट याच्या टेबलामागे. मेहरीनचं नाव गेलं की तिचं काम याच्या नावावर. मला आता सगळं लख्ख दिसतंय.

२० मार्च

रोजा होता. हे आधी लिहितो, कारण त्याचीच लाज जास्त वाटते.

दुपारी मॅडम विद्यापीठात गेल्या होत्या. आकिब प्रेसपाशी एकटा होता. मी दार ओढून घेतलं आणि विचारलं, "पावडरचं काय केलंस?"

"चाचा, बसा. मला तुमच्याशीच बोलायचं हाय. कवाचं बोलायचं हाय."

"बसायचं नाही, बोल. तूच केलंस ना?"

तो नाही म्हणाला. मी ढकलला. तो टेबलावर आदळला, चष्मा पडला. तरी हात जोडून म्हणत होता, "चाचा, ऐका, मी कुनालाच सांगितलं न्हाई, मेहरीनला बी न्हाई. संक्रांतीला तुमी…"

माझ्या हातात पंपाचा दांडा होता. कधी उचलला ते आठवत नाही. तोंडावर मारला. लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. तो खाली बसला, मी परत मारला. त्याने हात आडवा घातला, फटका हातावर बसला, दोन बोटं वाकडी झाली. मग कितीदा मारला ते मोजलं नाही. तोंडातून रक्त आणि दात आणि कसला तरी आवाज. संक्रांतीचं काहीतरी बरळत होता. मला एवढंच दिसत होतं की माझी पोर त्या तीन माणसांपुढे उभी आहे.

मागून कुणीतरी मला धरलं. वॉचमन होता. मेहरीनही तिथेच होती. कधी आली माहीत नाही. ती माझ्याकडे आली नाही. खाली बसून तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याचं नाव घेत राहिली. माणूस जखमी झाला की कुणीही करतं, तिचं मन आधीच हळवं आहे.

२२ मार्च

जबडा दोन ठिकाणी मोडलाय, तारेने बांधलाय. बोलता येत नाही. डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं, तर त्याने कागदावर लिहून दिलं : जिन्यावरून पडलो. खातून म्हणाली, "खरा चोर असता तर फिर्याद देऊन मोकळा झाला असता." मी म्हटलं, घाबरला. ती म्हणाली, "मेहरीनचे अब्बा, तुम्हाला पोरगी दिसते का हो? नीट बघा एकदा." काय बघायचं? पोरगी जेवत नाही, बोलत नाही, तीन वेळा दवाखान्यात जाते.

२५ मार्च

मॅडमनी मला लॅबमधून काढलं आहे, पण आज स्वतःच बोलावून घेतलं. पावडर त्यांनी पुण्याला तपासायला पाठवली होती. उत्तर आलं : पाण्याचा अंशही नाही. कुणीतरी पाचशेच्या वर भाजली आहे.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. "इब्राहिमभाई, मेहरीन सुटली! आठच्या आठ कॅप्सूल खऱ्या होत्या. पावडरमध्ये पाणी होतं म्हणून दगड लवकर वितळत होता. हिच्यात नाही, म्हणून वितळत नाही. आता फक्त भाजली कुणी ते समितीला सांगायचं. तुम्ही आकिबला मारलंत ते चूकच. पण त्याने हे केलं असेल तर…"

मला वाक्य पुरं ऐकू आलं नाही. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते काय असतं ते कळलं. कोरडा माल, कोरडा माल करत मीच पोरीचं चार वर्षांचं काम जाळलं, आणि माझ्या त्या डिग्रीच्या प्रश्नावरून ज्याला ते कळलं होतं त्याचं तोंड फोडलं. तो माझंच नाव माझ्यापासून लपवत होता.

आणि तरी मी गप्प बसलो. मॅडम म्हणाल्या, चहा घ्या. रोजा असूनही मी हो म्हणालो, मग नाही म्हणालो, आणि घरी आलो. पाइप हातात दिसूनही गप्प बसलो होतो, तसाच.

२७ मार्च

सांगितलं. आधी खातूनला सांगितलं, तर ती म्हणाली, मला कशाला, तिला सांगा. म्हणून लॅबला गेलो, मॅडम आणि मेहरीनसमोर हे रजिस्टर उघडून संक्रांतीचं पान ठेवलं. तोंडाने बोलायची हिंमत झाली नाही.

मेहरीनने उभ्यानेच वाचलं. मला वाटलं, आता ओरडेल. मी मारसुद्धा खाल्ला असता. तिने पानं पुढे उलटली. ती उलटेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वीस मार्चच्या पानावर थांबली, आणि एक ओळ मोठ्याने वाचली : "संक्रांतीचं काहीतरी बरळत होता."

मग रजिस्टर मिटून म्हणाली, "दीड महिना मी त्याला विचारत होते, तुला काय झालंय. म्हणायचा, काही नाही. म्हणायचा, तुझ्या अब्बांचा माझ्यावर आधीच राग आहे, आणखी वाढायला नको."

"बेटा, मी तुझ्यासाठी…"

"माझ्यासाठी तुम्ही मला एकदा विचारायचं होतं, अब्बा."

मॅडमनी समितीला पत्र लिहिलं. मेहरीनचं नाव धुतलं गेलं. मला जो आनंद व्हायला हवा होता तो झालाही, खोटं कशाला लिहू.

३१ मार्च

ईद. शीरखुर्मा झाला. मेहरीन एक वाटी डब्यात घालून दवाखान्यात गेली. त्याला नळीने पाजावा लागतो.

२ एप्रिल

हे सुट्या कागदावर लिहितोय. रजिस्टर पोलिसांनी जप्त केलं.

मेहरीन सकाळी म्हणाली, "चला." रिक्षात आम्ही दोघंच. पोलीस ठाण्यात आकिब आणि त्याची आई आधीच आले होते. तोंड सुजून चष्मा कानाला पोचत नव्हता, आईने तो दोऱ्याने बांधून दिला होता. मी पुढे होऊन हात जोडले. त्याची आई मध्ये उभी राहिली. म्हणाली, "उसाच्या फडात कोयता चालवून शिकवला मी याला. आजवर कुनी बोट न्हाई लावलं माझ्या लेकराला."



साहेब भला माणूस होता. म्हणाला, मुलगा तर जिन्यावरून पडलो म्हणतोय, चाचांचंही वय झालंय, आपसात मिटवा. आकिबने मान हलवली, मिटवा अशी. मेहरीनकडे बघत हलवली.

मेहरीन म्हणाली, "तो जिन्यावरून पडला नाही. फिर्याद मी देते, लिहून घ्या."

"बाई, वडील आहेत तुमचे."

"वडिलांचं नाव लिहा. इब्राहिम. लोखंडी दांड्याने मारलं. मी दारात होते. पहिला फटका बसला तेव्हा मी ओरडले, अब्बा थांबा. त्यानंतर आणखी दोनदा ओरडले. एकूण सात फटके मारले. वॉचमनने धरलं तेव्हा थांबले, स्वतःहून थांबले नाहीत."

समितीपुढे आकडे सांगितले होते त्याच आवाजात. एकही आकडा कमी नाही, जास्त नाही. आकिब तारा बांधलेल्या तोंडाने नाही-नाही करत होता, तिने त्याच्याकडेही बघितलं नाही. या पोरीने आकडे बनवले असं म्हणणाऱ्यांना त्या खोलीत बोलवायला हवं होतं.

साहेबांनी मला विचारलं, "हे खरं आहे?"

तिची हाक मला ऐकू आली नव्हती. तीनदातली एकही नाही. पण तिने ऐकवलं म्हणजे ती होती. मी म्हटलं, "ती सांगते ते सगळं खरं आहे."

१० एप्रिल

जामीन झाला. लॅबच्या आवारात जायची मनाई आहे.

मेहरीनने परत बनवलेल्या पावडरची पहिली कॅप्सूल आज लॅबमध्ये कापली. वितळला दगड, हजार पन्नासलाच. कणांच्या मधून काचेचे धागे गेलेत म्हणे, अगदी गेल्या वर्षीसारखे. आकिबलाही फोटो पाठवला. ही बातमी मला खातूनने सांगितली. मेहरीन शेजारच्याच खोलीत होती.